नीळ

अहवालात रकाना एकच : 'गळतीचे कारण'.
मी लिहिते, घुशी, खेकडे, उंदीर.
जणू तिघं एकाच खोलीचं भाडं भरतात.

म्हसू खुटवड हसतात.
एकतीस वर्षं कालव्याच्या उतारावरून चालून
त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा लांब झालाय,
असं तेच सांगतात.
"बाई, खेकडा आडवा जातो, घूस खाली जाते,
उंदराचं काय, मन चालंल तिकडं.
पानी मातर तिघांनाबी वाट इचारत जातं."

हिंगण्याच्या पुढे, भरावाच्या बाहेरच्या अंगाला
ते काठी टेकवतात. काठी अर्धी आत.
तोंडाशी उपसलेली माती,
रवाळ, ओली, चहाच्या चोथ्यासारखी.
"रातचं काम हाय," म्हणतात,
नव्या मेहनती शेजाऱ्याचं कौतुक करावं तसं.
मग वाकून पाझराखाली ओंजळ धरतात,
उन्हात नेऊन बघतात.
निवळ असेल तर घरी जाऊन जेवायचं.
गढूळ असेल तर भराव आतून निघालाय,
मुठीमुठीनं, कुणाला न सांगता.

त्या दिवशी ओंजळीत
तळाशी थोडंसं काहीतरी होतं.
थोडंसं.

आवर्तन बंद होतं तेव्हा आतल्या बाजूचं तोंड सापडलं.
मी त्यात नीळ ओतली, किराणा दुकानातली,
बारा पुड्या. बिल जोडलं नाही.
मग पाणी सुटलं, आणि आम्ही
भरावाच्या पायथ्याशी निळ्याची वाट बघत बसलो.
एक दिवस. दोन दिवस.
पायथा मातकटच.

तिसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडून,
गॅरेजच्या मागच्या वस्तीतून, हलीमा तांबोळी आली.
मंगल कार्यालयांच्या टेबलांवरच्या चादरी धुते ती.
"साहेब, आडाला निळं पाणी लागलंय.
चादरी अशा निघाल्यात, कार्यालयवाला विचारतो,
पावडर कुठली वापरता?"

तिच्या आडाला वैशाखातही पाणी असतं.
खाली जिवंत झरा आहे, सगळी वस्ती सांगते.
दरसाल कुणीतरी काठावर नारळ फोडतं.
म्हसूंनी माझ्याकडे पाहिलं,
मी आडात.
तिथे माझा चेहरा निळसर,
आणि त्यामागे कुठेतरी घुशीनं खणलेली ती गल्ली,
जिचा नकाशा आमच्या कार्यालयात नाही.

मी टेकडीच्या पायथ्याला राहते.
तिथे साळिंदरानं उकरलेल्या बिळांत
पावसाळाभर पाणी उतरत असतं, गाजावाजा न करता.
जिथं फिरायला येणाऱ्यांसाठी फरशी घातली,
तिथलं पाणी मात्र माती घेऊन धावतं
आणि आमच्या पार्किंगमध्ये येऊन निजतं.
सोसायटी दरवर्षी ठराव करते : गाळ काढणे.
साळिंदराला कुणी सभेला बोलावत नाही.

पण कालवा म्हणजे टेकडी नव्हे.
भरावाखाली चारशे घरं झोपतात,
हलीमाचंही त्यांत.
तेव्हा खणलं, काळी माती थराथरानं ठोकली,
पाणी शिंपडून पुन्हा ठोकली.
घूस दिसली नाही. एक खेकडा दिसला,
नांग्या वर करून उभा,
जागा सोडायची नोटीस मिळालेल्यासारखा.
म्हसूंनी त्याला घमेल्यातून ओढ्यावर नेलं.

हलीमाच्या दोराला आता
सात हात जास्त लागतात.
तिनं तक्रार केली नाही.
फक्त विचारलं, "झरा आटला का हो?"
मला 'हो' म्हणता आलं नाही, 'नाही'ही.
गळती कुठे जात होती,
यासाठी रकाना नाही.

काल रात्री म्हसूंचा फोन.
बुजवल्या जागेपासून चार हातांवर
ताजी माती.
"पाझर कसा आहे?"
पलीकडे बराच वेळ नुसतं पाणी ऐकू आलं.
"अंधार हाय बाई. सकाळी उन्हात बघतो."

चादरी वाळत घालायची वेळ तीच.